पाच रिकामे दिवस

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणज्याच्या पणज्याचंही बारसं व्हायच्या आधी, समुद्रापलीकडे अझ्टेक लोकांचं एक गाव होतं. त्या गावातल्या दोन बहिणींची ही गोष्ट. लहानांनो, तुम्ही ऐकाच. पण मोठ्यांनो, तुम्ही जरा पुढे सरकून ऐका, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत. ती भांडतात आणि घटकाभरात पुन्हा एका ताटात जेवायला बसतात. ही चूक करायला माणसाला थोडं शहाणं व्हावं लागतं.

गाव तळ्यात वसलेलं होतं. तळाचा गाळ उपसायचा, त्याचे लांबट वाफे रचायचे आणि त्यावर शेती करायची, अशी तिथली पद्धत होती. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जायचं तर मध्ये पाण्याची चर लागे आणि चरीवर एक फळी टाकलेली असे. मका पिकायचा, घेवडा पिकायचा, आणि राजगिरा तर पुरून उरायचा.

तिथले लोक मुलींची नावं ठेवताना फार डोकं चालवत नसत. पहिली मुलगी झाली की तिला तियाकापान म्हणायचं, शेवटची झाली की शोको. अर्थ एवढाच, की ही थोरली आणि ही धाकटी. आपणही त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणू.

या बहिणींचे आईबाप लवकर गेले. थोरलीने धाकटीला वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तिला पाट्यावर मका वाटायला शिकवलं, ताप आला की रात्रंदिवस उशाशी बसली. धाकटीचं लग्न ठरवतानाही तिने एकच अट घातली, की मुलगा शेजारच्या मळ्यातला हवा. तसा मिळालाही. तो व्यापाऱ्यांच्या तांड्यात ओझं वाहायचा. त्या देशात ना बैल होते ना घोडे, त्यामुळे कपाळाला पट्टा अडकवून पाठीवर ओझं नेणारी माणसंच देशोदेशी माल पोचवत. थोरलीला स्वतःला मूल झालं नाही. तिचा नवरा लव्हाळ्याच्या चटया विणायचा आणि महिन्यातून चारदा बोलायचा. थोरली म्हणायची, "मला एकच लेक आहे आणि ती माझी बहीण आहे."

आता त्या लोकांच्या वर्षाविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्यांचा महिना वीस दिवसांचा आणि वर्षाचे महिने अठरा. बोटांवर मोजून बघा, तीनशे साठ दिवस होतात. सूर्य मात्र कुणाच्या बोटांवर चालत नाही, त्याला आणखी पाच दिवस लागतात. हे पाच दिवस कुठल्याच महिन्यात बसत नसत. कुठलाही देव त्यांना आपलं म्हणत नसे. म्हणून लोक त्यांना रिकामे दिवस म्हणत आणि त्यांना घाबरून असत.

कारण असं, की त्या पाच दिवसांत जे कराल ते तुम्हाला चिकटतं, अशी त्यांची समजूत होती. दिवसा झोपलात तर कायमचे झोपाळू होणार. ठेच लागली तर ठेचकाळतच राहणार. भांडलात तर भांडण मिटायचं नावच घेणार नाही. म्हणून त्या दिवसांत बाजार भरत नसे, चावडीवर न्यायनिवाडा होत नसे, कुणी कुणाच्या दारी जात नसे. लोक शिळंपाकं थोडंसं खाऊन घरात बसून राहत आणि सहाव्या दिवसाची वाट बघत. सहाव्या दिवशी शंख फुंकले जायचे आणि नवं वर्ष लागायचं. आपण गुढी उभारतो तशा ते घरोघरी उंच काठ्या उभारत आणि त्यांना कागदाच्या पताका लावत. मग मागचं सगळं मागे पडलं, असं सगळे धरून चालत.

पण त्याच्या आधी, वर्षाच्या अखेरच्या महिन्यात, एक गोड सण असे. त्या दिवशी मक्याच्या पिठात राजगिऱ्याची भाजी भरून त्याचे मुटके करायचे, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवायचे आणि परडी घेऊन पळत सुटायचं. ज्याच्या चुलीवरचे आधी होतील, त्याने आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाकडे ते वाफ निघत असतानाच पोचवायचे. आधी कोण पोचलं यावरून आठ दिवस चिडवाचिडवी चाले. धाकटीची पहिली परडी दरवर्षी थोरलीकडे आणि थोरलीची धाकटीकडे. बऱ्याचदा दोघी फळीच्या मधोमधच भेटत आणि कोण आधी निघालं यावरून हसत वाद घालत.

त्या वर्षी थोरलीचे मुटके जरा आधीच झाले. पण तिच्या मनात आलं, दरवर्षी मीच धावते, आज ती येते का बघू. तिने परडी झाकून ठेवली आणि दारात जाऊन बसली. तेवढ्यात तिला दिसलं, की धाकटी वाफाळती परडी घेऊन निघाली, फळीकडे वळलीच नाही आणि तिचा नवरा ज्याचं ओझं वाहायचा त्या व्यापाऱ्याच्या वाड्यावर थेट गेली.

थोरलीचा चेहरा उतरला. धाकटी दुपारी आली. परडीतले मुटके तोवर गार झाले होते.

"ताई, उशीर झाला गं," धाकटी म्हणाली. "तुला एक सांगायचं आहे. आत येऊ का?"

"पहिली परडी जिथे दिलीस तिथेच सांग की," थोरली म्हणाली. "गरम ते परक्यांना आणि गार ते घरच्यांना. छान शिकलीस." आणि तिने परडी न उघडताच परत केली.

सणाची परडी परत करणं म्हणजे त्या गावात थोबाडीत मारण्यासारखं होतं. धाकटी लाल झाली. "पोटच्या पोरीसारखी वाढवलीस, ते रोज असं ऐकवायलाच का?" असं काहीतरी बोलून ती निघून गेली. तिला जे सांगायचं होतं ते तिच्या तोंडातच राहिलं.

सणाच्या आणि रिकाम्या दिवसांच्या मध्ये दहा दिवस होते. एवढ्याशा भांडणाला दहा दिवस म्हणजे खूप झाले. पण हिला वाटे तिने आधी यावं आणि तिला वाटे हिने आधी हाक मारावी. थोरली रोज सकाळी फळीपर्यंत जायची, पायाने फळी नीट बसवल्यासारखं करायची आणि परत यायची. तिचा नवरा चटई विणता विणता हे बघायचा. नवव्या दिवशी तो म्हणाला, "फळी पक्की आहे."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली.

अकराव्या दिवशी रिकामे दिवस लागले आणि खरं सांगायचं तर थोरलीला हायसं वाटलं. आता पाच दिवस कुणाकडे जायचं नाही, बोलायचं नाही. नियमच तसा आहे, आपण काय करणार. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मुटके करू, गरम परडी घेऊन जाऊ, आणि मनातलं सगळं बोलून टाकू. शुभ दिवशी बोललेलं शुभच होईल. तिने तर वाक्यंही जुळवून ठेवली.

तिसऱ्या दिवशी गाव चिडीचूप होतं. थोरलीचा नवरा आपण दिवसा झोपू या भीतीने स्वतःला चिमटे काढत बसला होता. तेवढ्यात फळी वाजली. धाकटी आली होती.

रिकाम्या दिवसांत असं कुणी घराबाहेर पडत नसे. थोरली दचकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

धाकटी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "ताई, आत येत नाही मी," ती हळूच म्हणाली. "नियम मलाही माहीत आहे. पण माझ्याकडे दुसरा दिवस नाही. यांना व्यापाऱ्याने दक्षिणेला, समुद्राकाठच्या तळावर कायमचं राहायला बोलावलं आहे. तिथलं कोठार सांभाळायचं. त्या दिवशी परडी घेऊन मी त्याचसाठी त्याच्या बायकोकडे गेले होते. म्हटलं, तिच्या हातापाया पडून बघावं, दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का. सणाला रिकाम्या हाताने कशी जाऊ, म्हणून गरम परडी नेली."

थोरलीचे हात मांडीवर होते. ते तिने घट्ट धरले.

"व्यापारी म्हणतो, जबरदस्ती नाही, पण नव्या वर्षाच्या पहिल्या उजेडाला तांडा निघेल. यायचं तर तेव्हाच. हे म्हणतात, तुझ्या ताईला विचार. ती राहा म्हणाली तर राहू. इथे चार घास कमी खाऊ, पण राहू." धाकटी थांबली. "ताई, मी जाऊ की राहू? जास्त बोलू नकोस. एवढं एकच सांग."

थोरलीला त्या क्षणी काय वाटलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण पुढे तिने ते कित्येकांना सांगितलं. तिला उठावंसं वाटलं. धाकटीला मिठीत घ्यावंसं वाटलं. 'राहा' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण तिने विचार केला, रिकाम्या दिवशी राहा म्हटलं आणि ते वाकडं लागलं तर? इथे राहून हिचं काही बरंवाईट झालं तर? बोलता बोलता पुन्हा खटका उडाला आणि तो जन्माचा चिकटला तर? गप्प बसावं. गप्प बसण्यात काही धोका नाही. पहिल्या उजेडाच्या आत जाऊन सांगू. शिवाय तिच्या मनाच्या तळाशी अजून ती परडी होती. जरा कळू दे हिला वाट बघणं म्हणजे काय असतं, असंही तिला वाटलं. अगदी थोडंसं वाटलं, पण वाटलं.

नवरा चिमटे काढायचं विसरून तिच्याकडे बघत होता. तो हाताने 'बोल, बोल' अशा खुणा करत होता. थोरलीने डोळे मिटून घेतले.

धाकटी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बरं. जाताना पाय जपून टाकते, नाहीतर जन्मभर ठेचकाळत बसेन." ती हसायला गेली, पण तिला हसता आलं नाही. फळी पुन्हा वाजली.

सहाव्या दिवशी अजून अंधुक होतं तेव्हाच थोरलीने चूल पेटवली. शहाण्या माणसाने तशीच धाव घेतली असती. पण तिला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, तिला गरम परडी न्यायची होती. पीठ मळलं, भाजी भरली, पानं गुंडाळली. वाफ यायला जितका वेळ लागतो तितका लागलाच. शंख वाजले. शेजारीपाजारी काठ्या उभ्या करू लागले, पताका सोडू लागले, एकमेकांना हाका मारू लागले. थोरली परडी घेऊन फळीवरून पलीकडे गेली.

घर झाडून स्वच्छ केलेलं होतं. चूल विझवलेली होती. पाटा नव्हता, चटया नव्हत्या. दारात काठी उभारायला कुणी नव्हतं.

थोरली परडी सांभाळत बांधाच्या टोकापर्यंत धावली. तळ्यावर तांड्याच्या दहा-बारा नावा दूर गेल्या होत्या. कुठल्या नावेत कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. तिने हाक मारली. मागे शंख आणि ढोल इतक्या जोरात वाजत होते, की तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या दिवस वाचणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याच्याकडे घड्या घातलेली चित्रांची पोथी असे आणि कुठला दिवस कसा ते तो त्यातून सांगे.

"आजोबा, मी एकही नियम मोडला नाही," थोरली म्हणाली. "पाच दिवस चूल फुंकली नाही, घराबाहेर गेले नाही, शब्द बोलले नाही. नियम मोडून घराबाहेर पडली ती. मग शिक्षा मला का?"

म्हाताऱ्याने पोथी उघडलीच नाही. "पोरी, भांडू नये असा नियम आहे. समेट करू नये असं तुला कुणी सांगितलं?"

"मला वाटलं, गप्प राहिलं की काहीच केलं नाही असं होतं. मग चिकटेल काय?"

"दारात उभ्या असलेल्या बहिणीला उत्तर न देणं, हे काहीच न करणं झालं का? त्या दिवसांत जे कराल ते चिकटतं, हे तुला पाठ आहे. तू काय केलंस ते तूच बघ."

थोरली रडू लागली. "मला भीती वाटली, आजोबा."

"भीती वाटली असेल," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला, पण शब्द मऊ झाले नाहीत. "पण भीती पाच दिवसांची होती. त्याआधीच्या दहा दिवसांत तर कसलीच बंदी नव्हती. नियम तुझ्या कामी आला, पोरी. रुसवा धरून बसायला तो सोयीचा पडला."

थोरली डोळे पुसून घरी गेली.

एक वर्ष गेलं. तांडा परत आला. धाकटीच्या नवऱ्याबरोबर पूर्वी ओझं वाहणारा एक प्रामाणिक हमाल त्यात होता. थोरलीने त्याला गाठलं.

"ती बरी आहे," हमाल म्हणाला. "घर छान आहे. समुद्राचा वारा येतो. दिवस गेलेत तिला."

"माझ्यासाठी काही निरोप?"

हमालाने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "मी विचारलं, बाई. म्हटलं, बहिणीला काय सांगू? ती तोंड फिरवून बसली. मी बराच वेळ थांबलो. मग म्हणाली, ताईचा गुडघा दुखायचा, तो आता कसा आहे ते बघून ये. आणि मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

थोरली हमालाच्या जवळ सरकली. ती जेव्हा बोलली तेव्हा तिने जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं विसरून गेली होती. "पुन्हा जाशील तेव्हा तिला एवढंच सांग. म्हणावं, त्या दिवशी मला 'राहा' म्हणायचं होतं. दुसरं काही सांगू नकोस. हेच शब्द, असेच सांग."

"असेच सांगतो," हमाल म्हणाला. ती माणसं जे घेतलं ते पोचवणारी होती. माल असो की निरोप, वाटेत टाकून येणं त्यांना ठाऊक नव्हतं.

तांडा पुन्हा गेला. थोरली दिवस मोजू लागली. गावाला तिच्यात एक फरक दिसू लागला. भांडलेल्या सासवासुनांच्या दारी ती जाऊन बसे आणि म्हणे, "आत्ता बोला. मी आहे इथे, आत्ताच बोला." लोक तिला जरा हसत, पण तिचं ऐकतही. आणखी एक वर्ष सरलं. पुन्हा रिकामे दिवस आले, पुन्हा शंख वाजले, पुन्हा काठ्या उभ्या राहिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तांडा आला.

हमाल या वेळी स्वतःच तिच्या अंगणात आला. त्याच्या पाठीवर ओझं नव्हतं, तरी तो वाकून उभा होता.

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. "भेटली का?"

"नाही, बाई. मी पोचलो त्याच्या दोन महिने आधीच ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तिचा नवरा तळ सोडून कुठे निघून गेला ते कुणाला माहीत नाही."

थोरलीचा नवरा चटई टाकून उठला आणि तिच्यामागे येऊन उभा राहिला. हमाल जाईना. तो घुटमळत होता.

"आणखी काय आहे?" थोरलीने विचारलं.

"तुमचा निरोप माझ्याकडे आहे," हमाल म्हणाला. "ज्याला द्यायचा तो माणूस नसला, तर ज्याने दिला त्याला परत करायचा, अशी आमची रीत आहे. ठेवून घेता येत नाही."

आणि तो सरळ उभा राहिला, हात जोडले, आणि तिने शिकवले होते तेच शब्द, तसेच, त्याने तिच्याच अंगणात तिला परत केले. "त्या दिवशी मला 'राहा' म्हणायचं होतं."

ऐकणाऱ्यांनो, या गोष्टीतून गाठीशी बांधायचं ते इतकंच: रुसलेल्या माणसाशी बोलायला शुभ दिवसाची वाट बघू नये, तो दारात उभा असतो तोच शुभ दिवस.